दुकान वाढवलं

मित्रांनो, मी गोड गोष्ट सांगणार नाही. गोड हवं असेल तर दुसरीकडे जा. मी एक जुनं लोखंडी यंत्र आहे, लाल मुलाम्याचं, हाताने फिरवायचं. एका बाजूला भाकरीच्या तव्याएवढं गोल पातं, दुसऱ्या बाजूला मोठं चाक आणि त्याला मूठ. चाक फिरवलं की पातं फिरतं, पाट पुढेमागे सरकतो, आणि मांसाची नाहीतर चीजची चकती सुटते. इतकी पातळ, की तिच्यातून पलीकडचा दिवा दिसावा. माझं काम एवढंच, आणि ते मी चोख केलं. बाकीच्यांनी आपापलं काम केलं असतं तर तुम्हाला हे सांगायची वेळ आली नसती.

यंत्र नपुंसकलिंगी, हे तुम्ही शाळेत शिकला असाल. मी बाईसारखी का बोलते ते पुढे कळेल.

दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक मला बघून म्हणायचं, "अस्सल इटालियन!" कसलं इटालियन? मी रॉटरडॅमची. तिथल्या बंदराजवळच्या कारखान्यात माझं लोखंड ओतलं, घासलं, रंगवलं. मग जहाजात घालून मला इटलीला धाडलं, पार्माजवळच्या एका गावात, सिल्व्हानोच्या बापाच्या दुकानात. सिल्व्हानो तरुणपणी पोटासाठी नेदरलँड्सला आला. कारखान्यात राबला, पैसे साठवून रायस्वाइकला दुकान टाकलं, आणि बाप गेल्यावर मला गोणपाटात गुंडाळून ट्रकमधून घेऊन आला. म्हणजे मी माझ्याच देशात परदेशी म्हणून परतले. लोक माझ्यावरून हात फिरवत, माझे फोटो काढत. काउंटरमागच्या सिल्व्हानोला मात्र विचारत, "तू मूळचा कुठला?" हे विचारायचं कोणी शेवटपर्यंत सोडलं नाही.

पहिली वर्षं चांगली गेली. सकाळी शटर वर गेलं की माझ्या चाकाला संध्याकाळपर्यंत उसंत नसायची. छताला डुकराच्या खारवलेल्या मांड्या टांगलेल्या, बरण्यांत ऑलिव्ह, कोपऱ्यात चीजची चाकं. कारखान्यातले कामगार जेवणाच्या सुट्टीत धावत येत. सिल्व्हानो एक चकती कापून आधी त्यांच्या हातावर ठेवायचा. "आधी खा. मग सांग किती हवं."

मग कारखाने गेले. कामगार म्हातारे झाले, मेले. त्यांच्या घरांत दुसरी माणसं आली. कुणी सुरिनामची, कुणी तुर्कस्तानची. मग कंप्युटरवाले हिंदुस्थानी आले. शेवटी आले ते पुढे लाकडी खोका लावलेल्या सायकलीत मुलं बसवून फिरणारे डच. ते दारात उभे राहून म्हणत, "किती खेझेलिख!" हा त्यांचा लाडका शब्द. जिथे ऊब वाटते, चार माणसं जमतात, असं सगळं खेझेलिख. हा शब्द उच्चारून ते एक कॉफी घेत आणि हॅमचं पाकीट सुपरमार्केटमधून आणत. मला कसं माहीत? त्यांच्या पिशवीतून ते डोकावायचं. माझ्यासमोर!

अशा उतरत्या दिवसांत योगिनी आली. पुण्याची. नवरा यतीन इंजिनिअर, त्याच्या परवान्यावर ती इथे आलेली. मुलगी संहिता तेव्हा लहान होती. योगिनीला काहीतरी स्वतःचं हवं होतं. काय हवं होतं ते तिलाही माहीत नव्हतं. दारावर 'माणूस पाहिजे' अशी पाटी दिसली आणि ती आत शिरली, एवढंच.

आणि बाई कशी? अंडंसुद्धा न खाणारी. पहिल्या दिवशी सिल्व्हानोने डुकराची अख्खी मांडी माझ्या पाटावर चढवली आणि म्हणाला, "फिरव." तिने हातमोजे घातले, मान खिडकीकडे वळवली आणि डोळे मिटून चाक फिरवलं. सिल्व्हानो ओरडला, "अगं, बोट जाईल! मेलेल्याला घाबरतेस, जिवंत पात्याला नाही?"

घरी जाऊन तिने डोक्यावरून अंघोळ केली म्हणे. सासूला फोनवर 'चीजच्या दुकानात लागले' एवढंच सांगितलं. यतीन कधीमधी तिला न्यायला यायचा तेव्हा दारातूनच नाक मुरडायचा. "घरी येताना तो वास इथेच ठेवून ये हं. परवा माझ्या शर्टाला येत होता."

"तुझ्या शर्टाला तुझ्या ऑफिसच्या कॅन्टीनचा येतो," योगिनी म्हणायची. "तिथे काय वरणभात मिळतो?"

पुढच्या शरदात एक सकाळ अशी आली की तिने ओल्या फडक्याने मला पुसलं, हळदकुंकू लावलं आणि चाकात कुंडीतला झेंडू खोचला. सिल्व्हानो बघत राहिला.

"हे काय? लग्न लावतेस तिचं?"

"काका, खंडेनवमी आहे. आज आमच्याकडे हत्यारांची पूजा करतात. आणि ही आमची विळी आहे. लाल विळी."

विळी म्हणजे काय ते तिने खाली फरशीवर बसून, पाय दुमडून दाखवलं. म्हातारा पोट धरून हसला. मग त्याने टोपी काढली, छातीवर बोटांनी क्रूसाची खूण केली आणि म्हणाला, "आज हिला सुट्टी." त्या दिवसापासून मी बाई झाले, आणि ज्याचा हात मुठीवर त्याची भाषा मला कळते, म्हणून मराठीही कळू लागली.

वर्षं गेली. सिल्व्हानोचे हात थरथरू लागले, तसं चाक योगिनीकडे आलं. तिने हॅम कधी खाल्ली नाही, पण कोणाला कुठला तुकडा लागतो हे तिला पाठ झालं. मराठी लोक यायचे ते विचारायचे, "योगिनी, वास न येणारं चीज आहे का गं?" आणि म्हणायचे, "कमाल आहे हं तुझी, आम्हाला अभिमान वाटतो." अभिमान वाटून घ्यायला काही लागत नाही. पिशवी रिकामीच परत जायची.

मग बातमी आली. इमारत ज्या गृहसंस्थेच्या मालकीची होती, तिने ती पाडायची ठरवली. पाडायची म्हणत नव्हते ते. 'नूतनीकरण' म्हणत होते. संस्थेकडून फेम्के नावाची बाई आली. हसरी होती. म्हणाली, नव्या इमारतीत खाली एकच दुकान असेल. ते कोणाला द्यायचं हे वस्तीतल्या लोकांना विचारून ठरेल. गुरुवारी संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये या, लोकांना घेऊन या.

ती गेल्यावर सिल्व्हानो बराच वेळ काउंटर पुसत राहिला. पुसलेलाच पुसत राहिला. मग म्हणाला, "मी म्हातारा झालो. माझ्यासाठी कोणी नवं दुकान देणार नाही. तू माग."

"मी?"

"मग कोण, तुझी विळी?"

मित्रांनो, त्या बाईचा चेहरा मी पाहिला. नवऱ्याच्या परवान्यावर आलेली, प्रत्येक कागदावर कुणाची तरी पत्नी म्हणून नाव असलेली बाई. तिला पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं की तू माग. तिला काय हवं होतं ते त्या क्षणी तिला कळलं.

रोज संध्याकाळी शटर अर्धं खाली ओढून ती माझ्यासमोर उभी राहायची आणि डचमध्ये घोकायची. "माझं नाव योगिनी. मी या दुकानात काम करते. मला हे दुकान चालवायचं आहे." सिल्व्हानो खुर्चीवरून दटावायचा. "चालवायचं म्हणताना खाली बघतेस. वर बघ! भीक मागतेयस का?" त्याचंही डच मोडकंच होतं. म्हणून त्या दोघांचं पटायचं.

घरी तिने काही सांगितलं नाही. आधी होऊ दे, मग सांगीन. बोललं की मोडतं, अशी तिची समजूत. विशाखाला मात्र सांगितलं. ती जवळची मैत्रीण, आणि मराठी मंडळाचा फोनवरचा गट तिच्याच हातात.

त्या मंगळवारी संहिता दुकानात आली होती. आता सोळा वर्षांची, एका कानात गाणं, तोंडात ऑलिव्ह. तिला मराठी कळतं, पण उत्तर डचमध्येच देते. योगिनी विशाखाशी फोनवर बोलत होती.

"हो गं. सिल्व्हानोकाका दुकान वाढवतायत अखेर. गुरुवारी काय ते ठरेल. तू सगळ्यांना घेऊन ये, माझ्यासाठी ये."

"येते म्हणजे काय, येतेच!" फोनमधून विशाखाचा आवाज मलाही ऐकू आला.

आता तुम्ही मराठी मुलं आहात. तुम्हाला माहीत असेल, किंवा नसेलही. आपल्याकडे दुकान बंद केलं असं म्हणत नाहीत, वाढवलं म्हणतात. बांगडी फुटत नाही, वाढते. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. जे संपतं त्याला वाढलं म्हणायचं, म्हणजे अशुभाला कळणार नाही. अशुभ जणू बहिरं आहे. या शब्दाचा अर्थ त्या पोरीला कोणी सांगितला होता? कोणी नाही. तिला वाढवणं म्हणजे मोठं करणं. नवी इमारत, मोठं दुकान. छान जुळलं.

तेवढ्यात दारात वुटर आला. तोच, खोक्याच्या सायकलीवाला, दर शनिवारी माझा फोटो काढणारा. त्याने संहितेला विचारलं, "गुरुवारच्या बैठकीचं ऐकलं. तुमच्यासाठी यायला हवं का?"

"आई म्हणतेय, दुकान मोठं करतायत," संहिता म्हणाली.

"खरंच? वा! मी सगळ्यांना कळवतो."

योगिनी आत चीज झाकत होती. तिने ऐकलं नाही. मी ऐकलं. पण माझ्या पोटात दातेरी चाकं आहेत, जीभ नाही.

वुटरने कळवलं. वस्तीच्या गटावर टाळ्या पडल्या, बदाम पडले, अंगठे पडले. गुरुवारी संध्याकाळी योगिनी साडी नेसून गेली. तिच्या हाताला धरून सिल्व्हानो, जुन्या कोटात.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं दुकानात आले. सिल्व्हानो मलाच सांगितल्यासारखं बोलला. "हॉल रिकामा. समोर दोन म्हाताऱ्या, त्याही गरम कॉफीसाठी. मागे एक कॉफीच्या साखळी दुकानाचा पोरगा, लॅपटॉप घेऊन. हिने भाषण केलं. वर बघून केलं. पण वर बघून बघायचं कोणाकडे?"

इतक्यात वुटर आला. हातात ट्यूलिपचा गुच्छ.

"अभिनंदन!"

"कसलं?" योगिनीने विचारलं.

"दुकान मोठं होतंय ना! तुझ्या मुलीनेच सांगितलं. मी सगळ्यांना कळवलं. कसली भीती वाटत होती आम्हाला, म्हटलं आता हेही जातं की काय. मग बैठकीला यायची गरजच राहिली नाही."

योगिनीने गुच्छ काउंटरवर ठेवला.

"काल ती फेम्के मला काहीतरी म्हणाली," ती हळूच म्हणाली. "ऐकलं की तुम्ही मोठ्या जागेत जाताय, असं काहीतरी. मला वाटलं माझंच डच कच्चं. मी हो म्हटलं. मान हलवली आणि हो म्हटलं."

कळलं नाही की मान हलवून हो म्हणायचं. नव्या देशात पहिल्या वर्षी लागलेली ही सवय. बँकेत, डॉक्टरकडे, शाळेत, सगळीकडे निभावून नेते. त्या एका संध्याकाळी त्या सवयीनेच तिचा गळा कापला. योगिनीने लगेच फोन लावला. फेम्के अजूनही हसऱ्या आवाजात बोलत होती. तिला फार वाईट वाटत होतं. पण जागा कॉफीवाल्यांना देऊन झाली होती, आणि योगिनीने सर्वांसमोर हो म्हटलं होतं ना?

दुपारी संहिता शाळेतून आली. योगिनीने तिला समोर उभं केलं.

"तू काय सांगितलंस त्याला?"

"जे तू म्हणालीस तेच," पोरगी डचमध्ये म्हणाली. "दुकान मोठं करतायत."

"अगं, वाढवणं म्हणजे बंद करणं!"

"काय?"

"बंद म्हणत नाहीत. अशुभ असतं."

"म्हणजे तुम्ही उलटं बोलता? मुद्दाम?" संहितेने कानातलं गाणं काढून टाकलं. "आणि तुला ते दुकान हवं होतं हे मला का नाही सांगितलंस? मी सगळी शाळा आणली असती! तुम्ही मोठी माणसं जे म्हणायचं ते म्हणत का नाही?"

योगिनीने हात उचलला. मारील असं वाटलं. मग तो हात तिने माझ्या मुठीवर ठेवला. पोरगी रडायला लागली, आणि थोड्या वेळाने मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, "आई, सॉरी. मी चुकली."

नाही, पोरी. तू चुकली नाहीस. मला बोलता आलं असतं तर मी तेव्हाच ओरडले असते. मित्रांनो, विशाखाला तर तो शब्द कळला होता! मंडळातल्या प्रत्येकाला कळला होता. त्यांच्यापैकी किती आले? एकही नाही. ढोलपथकाचा सराव होता. विशाखाने शुक्रवारी फोन केला, "कसं झालं गं? मी मनाने तिथेच होते." मनाने! मनाने आलेल्यांना खुर्ची लागत नाही आणि हातही वर करावा लागत नाही. आणि डच मंडळी? ती आनंदाची बातमी वाचून घरी बसली. दुकान वाचलं म्हणून खूश झाली आणि त्या खुशीत कोणी येऊन पावभर हॅमसुद्धा घेतली नाही. एका शब्दाने दुकान मारलं असं योगिनी आजही समजते. मी समजत नाही. मी रोज रिकामं चाक घेऊन उभी होते, मला माहीत आहे कशाने मारलं.

शेवटच्या शनिवारी मात्र रांग रस्त्याच्या वळणापर्यंत गेली. इतकी गर्दी सिल्व्हानोने दुकान उघडलं तेव्हाही नव्हती. लोक रडले. वुटरच्या मुलांनी चित्र काढून आणलं. विशाखा आणि मंडळी मोगऱ्याचा गजरा घेऊन आली, कुठून मिळवला देव जाणे, आणि फोटोसाठी माझ्या चाकावर घातला. योगिनी कापत होती, कापत होती, आणि एकदम चाक थांबवून मराठीत म्हणाली, "विशाखा, गजरा काढ. चीजला वास लागेल."

"अगं, शेवटचा दिवस आहे..."

"म्हणूनच. आज तरी काहीतरी विकत घे."

विशाखाने चीज घेतलं. वास येणारं.

त्या हिवाळ्यात सिल्व्हानो गेला. वृद्धाश्रमात गेला, बंद पाकिटातली हॅम खाऊन. अंत्यविधीला हॉल भरून माणसं बाहेर पावसात उभी होती, असं योगिनी सांगत होती. तिने प्रत्येकाकडे वर बघून बघितलं म्हणे.

ती हे कुठे सांगत होती ते ऐका. नव्या इमारतीत मुख्य दारातून आत आलं की मोठी पांढरी खोली आहे, सोफे आहेत. तिथे गृहसंस्थेने मला शोभेला ठेवलं आहे. माझी मूठ जखडून टाकली आहे, चाक फिरत नाही. पातं काढून घेतलं. पाटावर, जिथे मांडी चढवायचे तिथे, कुंडी ठेवली आहे. प्लास्टिकचं झाड आहे, पाणीही लागत नाही. भिंतीवर इमारतीचं नाव सोनेरी अक्षरांत लिहिलंय. सिल्व्हानोच्या नावावरूनच ठेवलंय. जागा दिली नाही, नाव घेतलं.

योगिनी आता घरोघरी किराणा पोचवते. एक दिवस खोकी घेऊन ती त्या दारातून आत आली आणि मला बघून तिथेच उभी राहिली. खोकं खाली ठेवलं. मुठीला हात लावला. जोर लावला. मग पदराने नाही, गणवेशाच्या बाहीने, माझ्या मुलाम्यावरची धूळ पुसत सिल्व्हानोच्या अंत्यविधीचं सांगू लागली, मोठ्याने, मराठीत. वर राहायला आलेला वुटर लिफ्टमधून बाहेर पडला.

"योगिनी! बघितलंस? किती छान जपलंय ना त्यांनी!"

"पातं कुठाय?" तिने विचारलं.

"ते काढलं. सुरक्षिततेसाठी. मुलं असतात ना इथे."

"जपलं नाही हे," योगिनी म्हणाली. एक शब्दही न अडखळता, स्वच्छ डचमध्ये. "मारून भुसा भरलाय. आणि तुमचं खोकं घ्या. हॅमची चार पाकिटं आहेत, मोजून घ्या."

तो खोकं घेऊन लिफ्टकडे वळला. ती निघून गेली. पुन्हा आली नाही. त्या इमारतीचा किराणा पोचवायचं काम तिने दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाकलं असेल.

मित्रांनो, जुन्या वस्तूंच्या तोंडी शेवटी विनंती असते. माझीही आहे, पण हात जोडून नाही. तुमच्या गल्लीत असं एखादं दुकान असेल, तर त्याच्यावर प्रेम आहे असं कोणाला सांगू नका. आत जा. विकत घ्या. उद्याही जा. ते अडचणीत आहे असं ऐकलं तर त्या संध्याकाळी स्वतःच्या पायांनी जाऊन खुर्चीवर बसा. आणि ते जमणार नसेल तर मला मोडीत घाला, भट्टीत टाका. वितळून माझा खिळा झाला तरी तो काहीतरी धरून ठेवील. पण माझ्यावर झाड ठेवू नका.